काँक्रीट निवडताना: आधी जागेला विचारा, मग गोणी फोडा

बांधकामावर नव्याने आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ नावांवरून होतो. पीसीसी, आरसीसी, एम २०, एम ४०, आरएमसी, फायबर काँक्रीट अशी नावं कानावर पडतात आणि वाटतं, या सगळ्या एकाच रांगेतल्या वस्तू आहेत, त्यातली एक उचलायची. पण यातलं प्रत्येक नाव वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एम २० सांगतं ताकद किती. आरसीसी सांगतं आत लोखंड आहे. आरएमसी सांगतं माल कारखान्यात मिसळून गाडीने आला. म्हणजे एकच स्लॅब एकाच वेळी एम २५ही असतो, आरसीसीही असतो आणि आरएमसीही. एवढं डोक्यात बसलं की अर्धी गुंतागुंत सुटते.

मी नव्या मुलांना कामावर घेतो तेव्हा प्रकारांची यादी पाठ करायला सांगत नाही. त्या जागेवर काँक्रीटला काय सोसायचं आहे, एवढंच आधी विचारतो. उत्तर आलं की प्रकार आपोआप समोर येतो.

पायरी पहिली: माल ओळखा

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिळून काँक्रीट होतं. खडी हा सांगाडा, वाळू खडीमधल्या फटी भरते आणि सिमेंट-पाण्याची लापशी सगळ्यांना चिकटवते. खडीच नसेल तर तो मसाला, म्हणजे गिलाव्याचा किंवा विटा बसवायचा माल. त्याला काँक्रीट म्हणू नका.

नवख्यांची सगळ्यात घट्ट बसलेली चुकीची समजूत म्हणजे काँक्रीट वाळून कडक होतं. ते वाळून कडक होत नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होते, तिच्यातून सूक्ष्म स्फटिक आणि चिकट जाळं तयार होतं, आणि ते एकमेकांत गुंतत जातं. म्हणून काँक्रीट पाण्याखालीसुद्धा धरतं. याच कारणाने ओतल्यानंतर ते उघडं टाकून सुकू दिलं तर त्याची ताकद अर्धवट राहते.

या प्रक्रियेत सिमेंट स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढं पाणी बांधून घेतं. बाकीचं पाणी आपण मालाला हालचाल यावी म्हणून घालतो. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं. पाणी जितकं जास्त, तितक्या पोकळ्या जास्त आणि काँक्रीट तितकं कमकुवत. अमेरिकन अभियंता डफ अब्रॅम्स यांनी हे नातं १९१८ मध्ये मांडलं, आणि आजही प्रत्येक मिक्स त्यावरच बेततात. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.५. त्यात कुणी ‘माल जरा घट्ट वाटतोय’ म्हणून आणखी पाच लिटर ओतलं की ते ०.६ होतं आणि ताकदीचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. कागदावरचं एम २५ जागेवर एम २० होऊन बसतं, आणि वरून पाहून ते कुणालाही कळत नाही.

पायरी दुसरी: ताकदीचा आकडा वाचा

एम म्हणजे मिक्स, आणि पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी १५ सेंटिमीटरचा ठोकळा दाबून पाहिल्यावर तो दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसतो तो. एम २० म्हणजे २० न्यूटन. हे कागदावर किरकोळ वाटतं, म्हणून एकदा हिशेब करून पाहा. ठोकळ्याचा दाबला जाणारा चेहरा २२,५०० चौरस मिलिमीटर. त्याला २० ने गुणलं की ४५० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ४६ टन. हातात धरता येईल एवढा ठोकळा एवढं ओझं घेतो, आणि इमारतीच्या कामात एम २० हे तसं साधं काँक्रीट समजतात.

काही देशांत ठोकळ्याऐवजी काँक्रीटचं उभं गोल नळकांडं दाबतात. त्याचा आकडा थोडा कमी येतो. म्हणून नकाशावर सी २५/३० असं दिसलं तर पहिला आकडा नळकांड्याचा आणि दुसरा ठोकळ्याचा. गल्लत करू नका.

ढोबळ वाटणी अशी: पायाखालच्या बेडला एम १० ते एम १५, घराच्या स्लॅब-बीम-कॉलमला एम २० ते एम ३०, उंच इमारती आणि पुलांना एम ३५ पासून पुढे. एम ६० च्या वरच्या मालाला उच्च ताकदीचं काँक्रीट म्हणतात. दुबईच्या बुर्ज खलिफामध्ये कॉलम आणि भिंतींना ८० पर्यंतच्या ताकदीचा माल वापरला आणि तो पंपाने ६०० मीटरच्या वर चढवला. पण मोठा आकडा म्हणजे चांगलं काँक्रीट, असं समजू नका. जास्त सिमेंट म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त आकुंचन, म्हणजेच तडे जायचा धोका. साध्या कोब्याला एम ४० घालणं हा शहाणपणा नव्हे.

पायरी तिसरी: जागेला विचारा

नुसतं दाबलं जाणार आहे का? खाली पक्की जमीन आहे आणि वर सपाट बसलेलं ओझं, तर साधं काँक्रीट पुरतं. पीसीसी म्हणतात ते हेच. पायाच्या खड्ड्यात लोखंड ठेवण्याआधी जो सपाट थर टाकतात, जमिनीवरची फरशी बसवण्याआधीचा जो थर असतो, तो हा. साध्या काँक्रीटला कमी लेखू नका. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटरहून थोडा रुंद आहे, त्यात लोखंडाची एक सळई नाही आणि तो १९०० वर्षं उभा आहे. कारण आकारच असा दिला आहे की वजन बहुतेक दाबाच्या रूपात खाली उतरतं, आणि वर जाताना मालात हलका दगड वापरला आहे.

वाकणार आहे का? मग लोखंड लागणारच. काँक्रीट दाब सोसतं, पण ओढ आली की त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी उरते. बीमवर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, म्हणून मधल्या गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या भागात, मुख्य सळया खाली असतात. गॅलरीसारखा एका बाजूने लटकणारा स्लॅब असेल तर गणित उलटं: ताण वर येतो, म्हणून लोखंडही वर. लोखंड बांधणारा नवा असला तर नेमका इथे चुकतो. माल ओतताना कामगार त्या सळयांवरून चालतात, त्या खाली दबतात आणि गॅलरीचं लोखंड चुकीच्या बाजूला जाऊन बसतं. सळया उचलून धरणाऱ्या खुर्च्या आहेत की नाहीत, हे ओतायच्या आधी स्वतः वाकून पाहा.

लोखंड आणि काँक्रीट ही जोडी जमली त्याला दोन कारणं आहेत. उष्णतेने दोघं जवळपास सारखीच प्रसरण पावतात, त्यामुळे एकमेकांना फोडत नाहीत. आणि ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळईवर संरक्षक थर बसून गंज रोखला जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड किंवा खारं पाणी आत शिरलं की हे संरक्षण संपतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, महत्त्वाचं. साध्या हवामानात स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर हे नेहमीचे आकडे. समुद्राजवळ जास्त. नकाशात जे लिहिलं असेल ते अंतिम. कव्हर राखायला काँक्रीटचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे लावा. खडीचा तुकडा सळईखाली सरकवून काम भागवू नका.

गाळा फार लांब आहे का? मग प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट. यात उच्च ताकदीच्या तारा आधीच जोराने ताणून काँक्रीटला दाबून ठेवतात, म्हणजे नंतर येणारी ओढ आधी त्या दाबातून वजा होते. युजेन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने १९२८ मध्ये याचं पेटंट घेतलं. पुलाचे गर्डर, रेल्वेचे स्लीपर आणि मोठ्या सभागृहांची छतं या पद्धतीने होतात. एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: अशा स्लॅबमध्ये तारा कुठून गेल्यात हे तपासल्याशिवाय ड्रिल मारायचं नाही. ताणलेली तार तुटली तर सुटलेल्या जोराने माणसाचा जीव जाऊ शकतो.

वजन कमी हवं आहे का? साधं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो, आरसीसी २५००. जुन्या छतावर भर घालायची आहे किंवा आतल्या भिंती उभारायच्या आहेत, तर हलकं काँक्रीट बघा: फेस मिसळलेलं, फुगवलेल्या मातीच्या गोळ्यांचं, किंवा वाफेवर पक्के केलेले एएसी ब्लॉक. उलट, एक्स-रे किंवा कर्करोगाच्या किरणोपचाराच्या खोलीला जड काँक्रीट लागतं. त्यात बॅराइट किंवा मॅग्नेटाइटसारखा जड दगड खडी म्हणून घालतात, आणि वजन घनमीटरला ३००० किलोच्या वर जातं.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं आहे, तर पाझरतं काँक्रीट. यात वाळू जवळजवळ नसते, त्यामुळे १५ ते २५ टक्के जागा पोकळ राहते. पार्किंग आणि पायवाटेला उत्तम, जड वाहनांच्या रस्त्याला नाही, आणि फटी मातीने बुजू नयेत म्हणून अधूनमधून साफ करावं लागतं.

सळया इतक्या दाट आहेत की व्हायब्रेटरची (माल हलवून आतली हवा काढणाऱ्या यंत्राची) सुई शिरत नाही? स्वतःच्या वजनाने पसरणारं सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट वापरा. ते १९८० च्या दशकात जपानमध्ये घडवलं गेलं. नीट न ठोकलेल्या काँक्रीटमुळे बांधकामं लवकर खराब होत होती, आणि तसं काम करणारे कुशल हातही कमी पडू लागले होते. माल पातळ दिसतो, पण तो पाण्याने नव्हे, रसायनाने पातळ केलेला असतो. साध्या मालात पाणी वाढवून त्याची नक्कल करू नका.

बाकीचे प्रकार झटपट सांगतो. गोदामाच्या जमिनीला बारीक तडे जाऊ नयेत म्हणून पोलाद किंवा पॉलीप्रॉपिलीनचे तंतू मिसळलेलं फायबर काँक्रीट. बोगद्याच्या आणि दरडीच्या पृष्ठभागावर नळीतून जोराने फवारतात ते शॉटक्रीट. धरणासारख्या जाड कामात मुख्य शत्रू उष्णता असते, म्हणून तिथे सिमेंट कमी, फ्लाय ॲश (जळलेल्या कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) जास्त. अमेरिकेतल्या हूव्हर धरणात तर काँक्रीट थंड करायला आत पाण्याचे पाइप टाकले होते. पाण्याखाली ओतायचं असेल तर ट्रेमी, म्हणजे माल थेट तळाशी सोडणारी उभी नळी, आणि तिचं तोंड सतत ओतलेल्या मालात बुडालेलं राहिलं पाहिजे.

पायरी चौथी: मोजून मिसळा

छोटं काम असेल आणि माल जागेवरच करायचा असेल तर एम २० साठी १:१.५:३ हे प्रमाण. म्हणजे एक गोणी सिमेंट, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. फर्मा ३५ लिटरचा हवा, कारण ५० किलो सिमेंट साधारण तेवढीच जागा घेतं. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची पेटी बनवून घ्या, काम झालं. एक घनमीटर काँक्रीटला या प्रमाणात सुमारे आठ गोण्या सिमेंट, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी लागते. एम २५ किंवा त्याच्या वर जायचं असेल तर ढोबळ प्रमाणावर विसंबू नका. प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्या.

घमेल्याने मोजू नका. सकाळचं घमेलं शिगोशीग असतं, दुपारचं अर्धं, आणि यात कुणाची लबाडी नसते. माणूस थकतो, इतकंच.

वाळू ओली असेल तर दोन गोष्टी बदलतात. पहिली, ओली वाळू फुगते. बारीक वाळूत पाच टक्के ओल असली तरी घनफळ पाव हिश्शाने किंवा त्याहून जास्त वाढू शकतं, म्हणजे फर्मा भरलेला दिसतो पण वाळू कमी गेलेली असते. दुसरी, वाळूतलं पाणी आपल्या २५ लिटरमधून वजा करावं लागतं. पावसाळ्यात ओतलेले जे स्लॅब कमकुवत निघतात त्यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

वाळूत माती किती, हे बघायला काचेची बाटली पुरे. अर्धी वाळू भरा, वर मिठाचं पाणी घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. जड वाळू खाली बसते, वर मऊ चिखलाचा तपकिरी थर दिसतो. तो थर वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

पायरी पाचवी: गाडी आली की कोन भरा

कारखान्यातून आलेल्या मालाची गाडी दारात उभी राहिली की घाईला बळी पडू नका. आधी पावती वाचा: ग्रेड कोणता, पाणी किती वाजता घातलं. साधारण दीड-दोन तासांत माल ओतून व्हायला हवा. वेळ लांबवणारं रसायन घातलं असेल तर पुरवठादार सांगेल ती मुदत.

मग स्लंप, म्हणजे माल किती घट्ट की पातळ याची चाचणी. ३० सेंटिमीटर उंचीचा कोन पत्र्यावर ठेवा, पायाने दाबून धरा, तीन थरांत भरा, प्रत्येक थराला गजाने २५ टोके मारा, वरचा माल सपाट करा आणि कोन सरळ वर उचला. मालाचा ढीग जितका खाली बसला तितका स्लंप. स्लॅब-बीमला ५० ते १०० मिलिमीटर, पंपाने चढवायचं असेल तर १०० ते १५०. ढीग सुबक बसला तर ठीक. एक बाजू कापल्यासारखी घसरली तर पुन्हा करून पाहा. दुसऱ्यांदाही घसरली तर माल एकसंध नाही.

माल घट्ट आला तर गाडीत पाण्याचा पाइप सोडायचा नाही. पुरवठादाराचा माणूस बोलवा, तो प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) घालून हालचाल आणेल. याच ठिकाणी नव्या माणसाची परीक्षा होते, कारण पाइप हाताशी असतो आणि सगळेच घाईत असतात.

पायरी सहावी: ओता, ठोका

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक कॉलम मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी शटरिंगच्या फळ्या काढल्या आणि तळाचा वीतभर भाग मधाच्या पोळ्यासारखा: नुसती खडी, मध्ये हवा, आत सळई उघडी. माल तीन मीटर वरून सोडला होता. खडी आधी आदळली, लापशी फळ्यांच्या फटीतून गळून गेली, आणि खाली सुई पोचलीच नव्हती. देखरेख माझी होती. वरून सिमेंट फासून झाकता आलं असतं, तसं एकाने सुचवलंही. पण कॉलमच्या तळाशीच सगळं ओझं उतरतं. तो कॉलम आम्ही फोडला आणि पुन्हा ओतला.

तेव्हापासूनचे माझे नियम: दीड मीटरपेक्षा उंचावरून माल सोडायचा नाही. उंच कॉलमला फळीत खिडकी ठेवायची किंवा नळी लावायची. फटी आधी बुजवायच्या. तळाशी आधीचं काँक्रीट खरडून, धुऊन, ओलं करून घ्यायचं.

व्हायब्रेटरची सुई झटकन आणि सरळ आत सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद ठेवा, आणि सावकाश बाहेर काढा. घाईने उपटली तर मागे भोक राहतं. ३०-४० सेंटिमीटरवर पुढची जागा. सुईने माल ढकलत न्यायचा नाही, त्याने खडी एकीकडे आणि लापशी दुसरीकडे जाते. ओतणं मध्येच थांबवायची वेळ आली तर सांधा कुठे ठेवायचा हे अभियंत्याला आधी विचारून ठेवा.

हातमोजे आणि गमबूट घालूनच कामाला उभे राहा. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि लगेच दुखत नाही म्हणून माणूस तासन्‌तास त्यात उभा राहतो.

पायरी सातवी: पाणी मारा

मालात जास्त पाणी वाईट, ओतल्यावर कमी पाणी वाईट. पृष्ठभाग बोटाने दबेनासा झाला की ओलावा राखायला लागा. स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून सतत ओलं ठेवा. दिवसातून दोनदा पाइप फिरवला आणि मध्ये कडक ऊन, याला पाणी मारणं म्हणत नाहीत. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला दहा ते चौदा दिवस, कारण ते सावकाश ताकद धरतं.

कॉलमच्या बाजूच्या फळ्या साधारण दुसऱ्या दिवशी निघतात. स्लॅबखालचे टेकू गाळ्यानुसार ७ ते १४ दिवस, बीमखालचे १४ ते २१ दिवस. थंडीत अजून थांबा. सात दिवसांनी काँक्रीटने अंतिम ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश मजल मारलेली असते, म्हणून वरच्या मजल्याचं साहित्य त्यावर रचायची घाई करू नका.

पायरी आठवी: ठोकळे

ओततानाच त्याच मालाचे किमान सहा ठोकळे भरा, प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहा, दुसऱ्या दिवशी साचा काढून पाण्यात ठेवा. तीन सात दिवसांनी दाबा, तीन २८ दिवसांनी. सात दिवसांचा निकाल फारच खाली आला तर २८ व्या दिवसाची वाट पाहत वर बांधत जाऊ नका. काम थांबवा, अभियंत्याला बोलवा. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज देणारं साधन) लावून पाहता येतो, गरज पडली तर स्लॅबमधून गाभा कापून तपासता येतो, आणि एकाच मजल्याचं ओझं वर असताना ते दुरुस्त करणं चार मजल्यांखाली शिरून करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.